एमटीबी म्हणून विकताय, तर हब कसला आहे तेही सांगा

मा. संपादक,

हल्ली पुण्यात शाळेतल्या पोरांना एमटीबीच (डोंगर-टेकडीवर चालवायची माउंटन बाइक) हवी असते, आईवडीलही दहा-बारा हजार मोजून आणतात, पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, 21 गिअर, जाड टायर. दुकानदार गिअर मोजून दाखवतो, पण मागच्या चाकाचा हब, म्हणजे एक्सल आणि बेअरिंग असतात तो चाकाचा मधला भाग, कसला आहे हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

माझ्या पुतण्याची अशीच सायकल. वेताळ टेकडीच्या उतारावर दगडातून गेली की मागचं चाक लटपटायचं आणि डिस्क घासायची. शेवटी चाक खोललं तर एक्सल चक्क वाकलेला, कोनवर, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या ज्यावर फिरतात त्या भागावर, गोळ्यांनी खड्डे पाडलेले. या सायकलींना फ्रीव्हील (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) असतं, ते हबवर आट्यांनी बसतं, त्यामुळे उजवं बेअरिंग पार आत राहतं आणि फ्रीव्हीलच्या रुंदीएवढा एक्सल बिनआधाराचा, मग चाक आपटलं की सगळा दणका तिथेच बसतो. शिमानोच्या कॅसेटवाल्या हबात, म्हणजे जिथे चकत्या हबच्याच भागावर सरकवून बसवतात, तेच बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं म्हणून एक्सल टिकतो. एवढाच फरक, पण बाहेरून बघून कळत नाही.

शॉकअपचंही तसंच, स्वस्तातल्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यात) नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारं डॅम्पिंग नाहीच, त्यामुळे दाबला की उसळून परत येतो आणि ऐन उतारावर पुढच्या चाकाची पकड सुटते, वर वजन वाढतं ते वेगळंच. माझं स्पष्ट मत आहे की याच पैशात बिनस्प्रिंगचा साधा फोर्क, डबल वॉल (दुहेरी पत्र्याची) रिम आणि बरा हब दिला तर सायकल जास्त मजबूतही होईल आणि पळेलही चांगली.

अमेरिकेच्या एएसटीएम एफ 2043 या स्टँडर्डमध्ये सायकल कशासाठी आहे त्याचे प्रकार ठरवलेत, पहिला फक्त पक्क्या रस्त्यासाठी, दुसऱ्यात 15 सेंमीपर्यंतची उडी चालते, तिसऱ्यात 61. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये हे छापतात पण ते वाचतो कोण. हेच फ्रेमवर मराठीत ठळक लिहा आणि दुकानदाराने विकताना तोंडी सांगायला हवं, ही माझी कळकळीची मागणी आहे.

आणि ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांनी आजच मागचं चाक धरून डावीउजवीकडे हलवून बघा, ढिलं लागलं तर हब खोलून तपासल्याशिवाय पोराला टेकडीवर पाठवू नका.

– एक सायकलवाला वाचक, कोथरूड, पुणे