नोमुरा घराण्याचं गाणं

नाहा, ओकिनावा, जपान

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही विचारलंत, इथल्या शास्त्रीय गाण्यात साथीला दुसरा कोणी बसतो का? मुख्य साथीला नाही. जो गातो तोच सानशिन (इथलं तीन तारांचं वाद्य) वाजवतो. गळा आणि तार यांचा मेळ कसा ठेवायचा, यात इथल्या घराण्यांत फरक आहे.

मोठी घराणी दोन: आफुसो आणि नोमुरा. आफुसो सेइगेन (१७८५–१८६५) आणि नोमुरा आन्चो (१८०५–१८७१) दोघेही चिनेन सेक्को यांचे शिष्य. इथला राजा शो ताई याच्या आज्ञेवरून नोमुरांनी १८६९ मध्ये आपल्या घराण्याची स्वरलिपीची पोथी सिद्ध केली. या लिपीला कुनकुन्शी म्हणतात. उभ्या ओळी, उजवीकडून डावीकडे वाचायच्या, एका ओळीत १२ चौकटी. चौकटीत अक्षर असेल तर आघात, वर्तुळ असेल तर तो काळ रिकामा सोडायचा. लय नाडीच्या ठोक्यावर धरतात. लिपीत तारेचे आघातच होते, गाणं गुरुमुखातून यायचं. इसागावा सेइझुई आणि सेरेइ कुनिओ यांनी १९३५ पासून गळ्याचे स्वरही छापले. आफुसोत गळ्याला तारेपासून सुटायला जास्त मोकळीक आहे, नोमुरात चौकट पक्की. मला नोमुराची शिस्त आवडते, कारण चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येतं.

तारा तीन. मूळ जुळणी सा-म-सा, 'निआगे' जुळणीत मधली चढवून सा-प-सा. सा सहसा पेटीची पांढरी सात किंवा एक. पडदे नाहीत. डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरतात, अनामिका नाही. मधल्या तारेवर करंगळीने येणारा 'शाकु' हा स्वर शुद्ध निषादापेक्षा किंचित उतरलेला लागतो. नवशिके मोबाइलच्या ट्यूनरवर तो शुद्ध करून बसतात आणि गाण्याचा रंगच जातो. तुमच्या कानाला हे लगेच कळेल.

पहिलं मोठं गाणं 'काजादिफू'. ८-८-८-६ मात्रांचं काव्य, पण एकेक अक्षर कितीतरी चौकटी लांबतं. इथे हमखास दोन गोष्टी बिघडतात. श्वास पुरत नाही म्हणून लोक शब्दाच्या मध्येच दम घेतात. तो कुठे घ्यायचा ते पोथीवर आधी खुणा करून ठरवावं. दुसरं, आघात झाला की गळा त्याच्याबरोबर ढकलला जातो, मग गाणं मोजल्यासारखं ऐकू येतं. उपाय एकच: वाद्य खाली ठेवून मांडीवर ठोके धरत पूर्ण गाणं म्हणायचं, मग तार घ्यायची.

चिनू वाद्य मागवतेय म्हणून सांगतो. भोपळ्याऐवजी लाकडी चौकट असते, तिच्यावर अजगराचं कातडं. अजगर सायटीस या वन्य जिवांच्या व्यापारावरच्या करारात येतो, परवान्याशिवाय ते वाद्य देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय कोरड्या हवेत कातडं आक्रसून फाटतं. पुण्याचा उन्हाळा त्याला सोसायचा नाही. कृत्रिम कातड्याचंच घ्यावं. वाजवून झालं की घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) आडवी करून ठेवायची, नाहीतर तिच्या दाबाने कातडं सैल पडतं. खुंट्या फिरवताना आत दाबत फिरवायच्या, नुसत्या फिरवल्या तर घसरतात.

तिला तारांची जाडी किती हवी, जादा तारा किती, ते कळवा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
बंड्या