विंडोज दहा बंद झालं म्हणून कॉम्प्युटर भंगारात काहून टाकता?

संपादक साहेब, नमस्कार.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा सपोर्ट बंद केला, तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या बाजारात एकच सुरू आहे, जुना काढा अन् नवा घ्या. सेवा केंद्रवाले घाबरले, शाळावाले घाबरले, पोरीच्या फॉर्मासाठी घरी मशीन घेऊन ठेवलेला बापही घाबरला. माझं फॉर्म भरणं, सातबारा, झेरॉक्स अन् जोडीला रिपेरिंग असं छोटं दुकान आहे, दिवसभर हेच विचारतात लोक, म्हणून म्हटलं एकदा पेपरातच लिहून टाकावं.

सपोर्ट बंद म्हणजे मशीन बंद नाही हो. ती चालतेच, फक्त सुरक्षेचे अपडेट येणं थांबते. त्यातही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत आहे, सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागते, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट पाहिजे आणि सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. विंडोज 11 ला मात्र इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0, म्हणजे बोर्डावरची सुरक्षेची सोय, लागते. जुन्यावर चढवायचे जुगाड यूट्यूबवर ढीगभर आहेत, पण ज्या मशीनवर लोकांच्या बँकेचं अन् आधारचं काम होते तिच्यावर मी ते करत नाही.

आता आमच्या भागात चालणारी मशीन कोणती, तर बहुतेक चौथ्या जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, एच 81 चा मदरबोर्ड, 4 जीबी डीडीआर-थ्री रॅम आणि 500 जीबीची हार्डडिस्क. ती हळू चालते म्हणून माणूस दुकानात जाते, तिथं त्याला सांगतात प्रोसेसर बदला नाहीतर ग्राफिक कार्ड टाका. अर्ज भरायला ग्राफिक कार्ड! बैलबंडीला ट्रॅक्टरचं इंजिन बसवल्यासारखं आहे हे, आणि वरून त्या कार्डाचा भार जुन्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्बीला, झेपत नाही तो भाग वेगळाच.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे पैसा लावायची सुरुवात डब्ब्याच्या आत नाही, बाहेर होते. म्हणजे लाईन, वीज. खेड्यात लाईन कधी जाईल अन् येताना किती व्होल्टेज घेऊन येईल याचा नेम नाही, पावसाळ्यात तर विचारूच नका. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण होते म्हणजे अर्थिंग नाही, ते आधी करून घ्या, वायरमनचे शेपाचशे गेले तरी चालतील. यूपीएस पडून असेल तर बहुतेक वेळा त्याची 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरीच मेलेली असते, तेवढीच बदलता येते, नवा यूपीएस लागत नाही. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी मागचं बटण पाहा, यूपीएस मोड अन् नॉर्मल मोड असं असते, नॉर्मलवर ठेवलं तर लाईन जाताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होते आणि लोक म्हणतात मशीन खराब झाली. एसएमपीएस लोकल असेल, पंखा खरखर करत असेल, तर नवा भाग टाकायच्या आधी तो बदला, कारण तो गेला तर एखादवेळी बोर्डाला सोबत घेऊन जाते. बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या उभ्या नळकांड्या, डोक्यावर फुगलेले दिसले तर मात्र त्या मशीनवर एक रुपयाही लावू नका.

त्याच दमात झाकण उघडून धूळ काढा. आमच्याकडे कापसाचा फुफाटा, सोयाबीन काढणीची धूळ, प्रोसेसरच्या पंख्याखाली गादीच तयार होते. मे महिन्यात बाहेर 45-46 डिग्री असते, तेव्हा प्रोसेसर गरम होऊन स्वतःच आपला वेग कमी करते, आणि आपण समजतो म्हातारा झाला. ब्रश मारा, थर्मल पेस्ट नवी लावा. आणि तारीख मागची दाखवत असेल, दर साइटवर कनेक्शन सुरक्षित नाही असा लाल मेसेज येत असेल, तर तो व्हायरस नसून बोर्डावरचा सीआर 2032 सेल संपलेला असते. पन्नास रुपयाच्या आतलं काम, त्यापायी लोकांनी विंडोज नव्यानं टाकून घेतलेलं पाहिलं आहे मी.

एवढं झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप ही तीन बटणं सोबत दाबा. टास्क मॅनेजर उघडते. नेहमीचं काम करत राहा आणि पाहा प्रोसेसर, मेमरी, डिस्क यातला कोणता आकडा शंभरला टेकते. दहातल्या आठ मशीनवर डिस्क टेकलेली दिसेल. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते अन् सुई जागा शोधते, दर वेळी साधारण दहा मिलिसेकंद जातात, एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरायचंच काही नाही म्हणून ते काम शंभरपट लवकर होते. पाच मिनिटात सुरू होणारी मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होते, काहीच दुसरं न बदलता. घेताना अडीच इंची साटा (हार्डडिस्कचीच केबल लागणारी) एसएसडीच मागा, 240-256 जीबी भरपूर झाली. हल्ली दुकानदार एनव्हीएमई हातात देते, ती पट्टी लावायची जागाच या जुन्या बोर्डावर नसते. केबल 6 जीबीच्या पोर्टात लावा, एच 81 वर असे दोन असतात. त्याहून जुन्या एच 61 बोर्डावर 3 चेच असतात, तरीपण फरक कळतेच, घाबरू नका.

रॅमचं दुसरं. 4 ची 8 करा, त्याच्या वर आपल्या कामाला गरज नाही. डीडीआर-थ्रीच्या जागी डीडीआर-फोर बसत नाही, खाच वेगळी असते, अन् लॅपटॉपची छोटी पट्टी डेस्कटॉपला चालत नाही. सेकंडहँड पट्टी चालते, दुकानात बसून चेक करून घ्या. पण त्याआधी विंडोज 32 बिट आहे का 64 बिट ते पाहा बाप्पा, 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम त्याला दिसतच नाही, पैसे पाण्यात. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीच्या चिपा उचलल्यामुळं रॅमचे अन् एसएसडीचे भाव चढले आहेत, म्हणून दोन्ही सोबत जमत नसेल तर आधी एसएसडी.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी, खरं तर नाहीच. सेकंडहँड चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह स्वस्तात मिळाला तर गोष्ट वेगळी, पण नवा प्रोसेसर म्हटला की नवा बोर्ड आला, नवी रॅम आली, मग जुन्याचा डब्बाच उरते. तेवढा खर्च असेल तर सरळ आठव्या-नवव्या जनरेशनची कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेली वापरलेली मशीन घ्या, विंडोज 11 पण चालते.

शाळेच्या लॅबबद्दल एक. पोरांना टायपिंग, पेंट, थोडा हिशेब शिकवायचा असेल तर एसएसडी टाकून लिनक्स मिंट बसवा, फुकट आहे, अपडेट येत राहतात, मराठी इनस्क्रिप्ट त्यात असतेच. सेवा केंद्राला मी हे सांगणार नाही, कारण अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजचेच असतात, जुन्या प्रिंटरचीही बोंब होते, आणि कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली उघडायच्या म्हणजे फॉन्ट शोधत बसा. सरपंच अन् मुख्याध्यापकांनी कोटेशन मागताना "नवीन संगणक संच" असं मोघम न लिहिता एसएसडी, रॅम, यूपीएस बॅटरी यांचा वेगळा भाव मागावा, मग दुकानदारालाही कळते की समोरच्याला माहीत आहे.

आणि काढलेली जुनी हार्डडिस्क दुकानात सोडून येऊ नका, कबाड्यालाही देऊ नका. तिच्यात अख्ख्या गावाचे आधार, पासबुक, जातीचे दाखले स्कॅन होऊन पडलेले असतात अन् डिलीट केल्यानं ते जात नाहीत. चालू असेल तर पूर्ण फॉरमॅट मारा, क्विक नाही, आणि बॅकअपला वापरा. बंद पडली असेल तर खोलून तबकडीवर हातोडा मारा, मग ई-कचऱ्यात द्या.

आपला वाचक,
एक सेवा केंद्रवाला,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ