मॅडम, त्या रात्री तुम्ही आईचा खांदा चोळलात त्यासाठी

मॅडम, नमस्कार. डिस्चार्जच्या दिवशी तुमच्याशी धड बोलताच आलं नाही, घसा दाटून आला आणि नुसता पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवून निघाले, म्हणून आता लिहितेय.

तुमच्याकडे यायच्या आधी सात महिने आईला मूळव्याधीच्या गोळ्या, मलम आणि इसबगोल चालू होतं. रक्त पडतंय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन ७.८ वर आलंय, तरी "वयोमानानं होतं हो" म्हणून दोन मिनिटांत बाहेर. एकदाही कुणी हातानं तपासलं नाही, आतड्यात दुर्बीण घालून बघायच्या कोलोनोस्कोपीचं नावही काढलं नाही. तो राग अजून गेलेला नाही माझा.

आईच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन तुम्ही दुर्बिणीनं करू म्हणालात तेव्हा दादाला धाकधूक, एवढ्याशा भोकांतून कॅन्सर पूर्ण निघेल का. तुम्ही चिडला नाहीत. सांगितलंत, आतड्याचा भाग आजूबाजूच्या लिम्फ नोडसकट, म्हणजे कॅन्सर जिथं पसरू शकतो त्या छोट्या गाठींसकट, काढायचा हे पोट उघडून करा की दुर्बिणीनं, दोन्हीकडे सारखंच, २००४ ला अमेरिकेतल्या ८७२ पेशंटच्या ट्रायलमधे तीन वर्षांनी आजार उलटण्याचं प्रमाणही जवळपास सारखंच निघालं, आणि गरज पडली तर पोट उघडेन, हट्ट करणार नाही, हे शेवटचं ऐकून दादानं सही केली.

पण खरं लिहायचंय ते ऑपरेशननंतरच्या रात्रीचं. आईचा उजवा खांदा ठणकायला लागला. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, आम्हाला वाटलं हार्टचंच काहीतरी, आई रडायला लागली. ईसीजी नॉर्मल आला तरी ती ऐकेना. साडेदहाला तुम्ही घरी निघालेल्या, पर्स खांद्याला तशीच, आत आलात, स्टूल ओढलंत आणि आईचा खांदा चोळत चोळत सांगितलंत, आजी, दिसायला जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरतो, तंबूसारखं, त्यातला थोडा उरलाय, तो छातीखालच्या पडद्याला टोचतोय आणि त्या पडद्याची नस मानेतून येते म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय, दोन दिवसांत जाईल. आई गप्प झाली, झोपली. पंधरा मिनिटं गेली असतील तुमची. त्या सात महिन्यांत आम्हाला कुणी पंधरा मिनिटं दिली नव्हती. डिग्र्या खूप जणांकडे असतात हो, पेशंटजवळ बसणारी माणसं कमी.

दुसऱ्या दिवशी आई वॉर्डात चालली, सहाव्या दिवशी घरी. काल पहिल्यांदा भाकरी थापायला बसली आणि मला म्हणाली, त्या डॉक्टरीणबाई त्या रात्री जेवल्या होत्या का गं, मी विचारलंच नाही.