ओळंब्याबद्दल मनापासून आभार, सर

आदरणीय सर,

त्या दिवशी नेमबाजीच्या रेंजवरून निघताना तुमचे आभार मानायचे राहून गेले. डोक्यात फक्त स्कोपमधली, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतली, ती उभी रेघ होती. हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय, कारण माझ्यासारखे वाऱ्याला दोष देत बसलेले आणखीही नेमबाज असतील.

१०० मीटरवर माझा झिरो चोख होता, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडायची. ३०० वरही काही खटकत नव्हतं. ६०० ला मात्र गोळ्यांचा गट उजवीकडे, चांगला २० सेंटीमीटर. वारा पडला तरी उजवीकडेच. मग मी विंडेज, म्हणजे स्कोपची डावी-उजवी सेटिंग, डावीकडे फिरवायची, आणि १०० वर परतले की झिरो डावीकडे गेलेला. दोन महिने हेच चाललं होतं. दर रविवारी गोळ्या संपायच्या आणि रडू यायचं.

तुम्ही माझी एकही गोळी पाहिली नाहीत. आधी बोल्ट काढायला लावलात, चेंबर रिकामं असल्याची स्वतः खात्री केलीत, आणि ५० मीटरवर पांढऱ्या दोऱ्याचा ओळंबा टांगलात. रायफलवरच्या बबल लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्ये आणलात आणि म्हणालात, "आता बघ." रेटिकलची, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या खुणेची, उभी रेघ वर जाता जाता दोऱ्यापासून उजवीकडे सुटत होती. साधारण ३ अंश. मी इतके दिवस बुडबुड्यावर विश्वास ठेवत होते, पण बुडबुडा रायफलचा होता, स्कोपचा नव्हता.

मग तुम्ही टार्गेटच्या पाठीवर पेन्सिलने हिशोब मांडलात. लांबच्या अंतरासाठी स्कोपवर चढवलेल्या प्रत्येक मिलमागे (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) ३ अंशांच्या तिरकेपणाने ०.०५ मिल बाजूला जातं. १०० वर काही चढवायचंच नसतं, म्हणून चूक लपते. ६०० ला मी ५ मिल चढवते, त्याचे पाव मिल, म्हणजे १५ सेंटीमीटर. शिवाय चार-पाच गोळीच्या फिरकीचे, कारण फिरत जाणारी गोळी थोडी बाजूला सरकते. १००० मीटरला १० मिल चढवले असते तर एकट्या तिरकेपणाने ५० सेंटीमीटर खाल्ले असते. मी अजून माझा २० सेंटीमीटरचा आकडा तुम्हाला सांगितलाही नव्हता, सर. तो कागद मी जपून ठेवलाय.

त्यानंतरचा दीड तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. स्कोप नव्याने बसवताना तुम्ही आधी झूम पूर्ण वाढवलंत, मला डोळे मिटून गाल बटावर टेकवायला सांगितलंत आणि मग डोळे उघडायला. कडेला काळी सावली दिसली की स्कोप थोडा मागे, परत डोळे मिटायचे. मान ताणून चित्र शोधायची माझी सवय तिथेच सुटली. मग रेघ दोऱ्याला लावली आणि स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेरा. अर्धे आवळून झाल्यावर पुन्हा पाहिलं तर स्कोप किंचित फिरलेला. मी म्हणाले, एवढ्याने काय होतंय. तुम्ही काही न बोलता सगळे स्क्रू सैल केलेत आणि पहिल्यापासून सुरुवात केलीत. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, स्कोप धरणारी रिंग बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याइतकाच.

डायऑप्टर (रेटिकल डोळ्याला स्पष्ट करणं) आणि पॅरलॅक्स (डोळा हलला की रेटिकल सरकल्यासारखं दिसणं) यांचं मला आधीच बऱ्यापैकी येत होतं. डोकं किंचित हलवलं तरी रेटिकल टार्गेटवरून सरकता कामा नये, एवढं मात्र आता मी प्रत्येक अंतराला तपासते.

उंच टार्गेटची चाचणी मी नुसती ऐकून होते. टेपने मोजलेले १०० मीटर, ओळंब्याने आखलेली उभी रेघ, नेम खालच्या ठिपक्यावर आणि टरेट, म्हणजे स्कोपवरची फिरवायची खुंटी, १० मिल वर. गोळ्या बरोबर १ मीटर वर पडायला हव्यात. माझ्या पडल्या रेघेवरच, पण ९९ सेंटीमीटरला. माझा स्कोप शंभरात एक कमी देतो हे तेव्हा कळलं. बटावर पट्टी चिकटवून ते लिहून ठेवलंय आणि चढवताना तेवढं धरते.

गेल्या रविवारी ६०० ला गट मधोमध होता. फिरकीचे ते पाच सेंटीमीटर आधीच धरले होते, आणि वाऱ्यासाठी दोन क्लिक दिले ते खरंच वाऱ्यासाठीच होते.

तुमचा ओळंबा अजून माझ्या रायफलच्या पेटीत आहे, दोऱ्यासकट. पुढच्या सरावाला घेऊन येते.

तुमची कृतज्ञ,
सहाव्या लेनवरची शिष्या