वरच्या खोलीतल्या ताईला

प्रिय ताई,

तू आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचीस तेव्हा मी अकरावीत होते. पुढे तू गाव सोडलंस, नंबरही बदललास, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. वाचलंस तर ओळखशील.

त्या संध्याकाळी मी जिन्यात बसून रडत होते. गणित दिसायला साधं होतं. ३ मीटर उंचीच्या गुळगुळीत, वळणदार घसरगुंडीवरून ठोकळा सुटतो, खाली खडबडीत जमिनीवर येतो, घर्षण गुणांक (जमीन किती अडवते त्याचा आकडा, म्यू) ०.३. किती लांब जाऊन थांबेल? मी दोन पानं भरली होती. उतार जागोजागी बदलतो, म्हणजे त्वरणही बदलतं, आणि घोकलेली गतीची तीन समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच चालतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वस्तुमान दिलेलं नाही म्हणजे प्रश्नच चुकीचा छापलाय, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

तू मेथी निवडत होतीस. म्हणालीस, "सुरुवातीचा एक फोटो काढ, शेवटचा एक. दोन्हींत ठोकळा कसाय?" स्थिर. "मग गतिज, म्हणजे वेगामुळे असलेल्या, ऊर्जेतला बदल?" शून्य. "म्हणजे सगळ्या बलांचं मिळून कार्य, म्हणजे त्यांनी दिलेली-घेतलेली ऊर्जा, शून्य. कोणी कोणी केलं सांग." गुरुत्वाकर्षणानं एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची), घर्षणानं उणे म्यूएमजीडी (डी म्हणजे थांबेपर्यंतचं अंतर). पृष्ठभागाच्या लंब बलानं काहीच नाही, ते कायम हालचालीला काटकोनात. एम गेला, जी गेला, ३ भागिले ०.३. १० मीटर! ज्या वळणांनी मला रडवलं, त्यांचं उत्तरात नावही नव्हतं.

पण खरे उपकार पुढच्या रविवारचे. मला तोवर माज चढला होता. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या उभ्या वळशातून गोटी जायला २० सेंटिमीटर उंची पुरेल, असं मी ठोकून दिलं. तू वाद घातला नाहीस. बागेचा पाइप उभा चिरून वळसा बांधलास. २० वरून सोडलेली गोटी अर्ध्यातच सुटून पडली. "माथ्यावर वेगाचा वर्ग निदान जीआर, म्हणजे गुरुत्व त्वरण गुणिले त्रिज्या, इतका हवा. हे ऊर्जा सांगत नाही, न्यूटनचा दुसरा नियम सांगतो." हिशेब अडीच त्रिज्येवर आला, २५. तिथूनही पडली! मग तूच कपाळावर हात मारलास: गोटी घसरत नाही, गडगडते, थोडी ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते. भरीव गोलाला कागदावर २७ लागतात. आपली गोटी ३२ वरून गेली. वरचे ५ पाइपनं खाल्ले.

आता मीच अकरावीला शिकवते. "सर्रास ऊर्जाच लावू का, मॅडम?" असं मुलं विचारतात. मी विचारते, किती वेळ लागला ते हवंय का? दोरीतला ताण हवाय का? मग नुसत्या ऊर्जेवर भागायचं नाही. दोन फोटोंची युक्तीही सांगते, आणि इतकी वर्षं ती माझीच असल्यासारखी सांगत आले. ते आज कबूल करते. मनापासून आभार, ताई.

पाइप अजून माळ्यावर आहे. गोटी मात्र धाकट्यानं हरवली.

तुझी,
खालच्या मजल्यावरची