बी विंगच्या शेडला परत तसाच गोंद लावू नका

मा. अध्यक्ष भाऊ, नमस्कार.

रविवारच्या मीटिंगमधे शेडच्या सुटून पडलेल्या फायबरच्या पट्टीचा विषय दोन मिनिटांत गुंडाळला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला गोंद हलका होता, भारीतला आणून चिकटवून देतो, नं सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बोललो नाही कारण पडलेली पट्टी पाहिली नव्हती. काल वॉचमनकडून घेऊन पाहिली.

फायबरच्या पट्टीवर गोंदाची रेघ पूर्ण शाबूत आहे आणि त्या गोंदाला शेडच्या लोखंडी अँगलचा राखाडी ऑइलपेंट चिकटून आलाय, अख्खा पापुद्रा. म्हणजे गोंद तुटलाच नाही भाऊ, पेंटनं लोखंड सोडलं. गोंद मधोमध फाटला असता तर दोन्हीकडे राहिला असता, नं पकड त्याहून पक्की असती तर फायबरचे तंतू उपटून आले असते. एका टोकाला पेंटखाली गंज आहे, तिथून पाणी केव्हाचं शिरून राहिलं होतं.

मी हिंगणा एमआयडीसीत बस बॉडीच्या कामात होतो, तिथं हेच भोगलंय. ३ मीटरचा लोखंडी अँगल ४० डिग्री तापला तर दीडेक मिलिमीटर वाढतो, फायबरची शीट जवळपास दुप्पट, आणि थंडीतल्या पहाटेपासून नवतप्याच्या दुपारपर्यंत आपल्या शेडवर एवढा फरक सहज पडतो. दोघांची ओढाताण सारी जोडाच्या टोकांवर येते, मधला गोंद नुसता बसून असतो. त्यात वादळाची हवा खालून शिरते. मोबाईलच्या स्क्रीनवर चिकटवलेली ग्लास सरकवून पाहा, हलत नाही, पण कोपऱ्यात नख घातलं की सरसर निघते, तसंच.

त्यामुळे भारीतला म्हणून कडक इपॉक्सी आणला तर तो लवत नाही, टोकाला तडकेल. पेंट खरवडून लोखंड उघडं करा, फायबर सँडपेपरनं घासा, दोन्ही अ‍ॅसिटोननं पुसून लगेच पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लवचिक गोंद ३ मिलिमीटर जाड भरा, आणि दोन्ही टोकांना मोठ्या वॉशरचा बोल्ट, पण शीटचं भोक थोडं लांबट, नाहीतर तिथंच फाटेल. गोंदाच्या डब्यापेक्षा खरवडायची मजुरीच जास्त लागेल, म्हणून तर कॉन्ट्रॅक्टर ते टाळून राहिला.

पट्टी वॉचमनच्या केबिनमधे ठेवलीये, बिल पास करायच्या आधी एकदा पाहून घ्या. आणि डावीकडची पट्टी बरी दिसते तरी तिच्या टोकाला आत्ताच एटीएम कार्ड आत जाते, मी घालून पाहिलं. तोवर तिच्याखाली स्कूटी लावू देऊ नका.

आपला,
बी विंग, तिसरा माळा
मनीष नगर, नागपूर