तक्रार: वॉक आणि स्पा एकत्र विकता, मग दोघांच्या वेळा एकत्र का बघत नाही?

ग्राहक सेवा आणि व्यवस्थापन, दोघांसाठीही,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. उद्यावर टाकलं तर राग निवळेल, आणि मला तो निवळायला नकोय. डोंगरातले वॉक आणि त्यासोबत स्पा असं तुमचं काही दिवसांचं पॅकेज आम्ही घेतलं होतं. त्यात काय काय येतं ते मी सांगत बसत नाही, प्रॉडक्ट तुमचं आहे, तुम्हाला पाठ असणार. सरळ तिसऱ्या दिवसावर येते.

तिसऱ्या दिवसाचा वॉक तुमच्या रूट शीटवर १७ किलोमीटर, एकूण चढ ९०० मीटर, वेळ साडेतीन तास. स्पाचा स्लॉट त्याच दिवशी दुपारी २ वाजता. बॅगा व्हॅनमध्ये द्यायची वेळ सकाळी ९.३०, आणि व्हॅनवाल्याकडून पावती घेतल्याशिवाय निघू नका असं खाली ठळक अक्षरात छापलंय. हे सगळे आकडे तुमचे, एकाच पानावरचे. ते पान कोणी एकदा तरी वरून खालपर्यंत वाचलं होतं का?

१७ ला ५ ने भागा, जवळपास साडेतीन येतात. म्हणजे सपाट रस्त्यावर, ताशी ५ किलोमीटरने, कुठेही न थांबता. मग ९०० मीटर चढ कुठे गेला? डोंगरात चालणारे लोक नेस्मिथचा नियम धरतात, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. साधारण ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. तुमच्या वॉकला तो लावला तर साडेतीन अधिक दीड, झाले पाच तास. तेही धडधाकट माणसाला, पाणी प्यायला, बूट सैल करायला, चार घास खायला न थांबता. ९.३० ला निघून पाच तास म्हणजे २.३०. दम न खाता चालणारा माणूससुद्धा २ चा स्लॉट गाठू शकत नाही, आणि तुम्ही हे पॅकेज 'आरामात चालणाऱ्यांसाठी' म्हणून विकता. सव्वाशे वर्षांहून जुना हिशेब आहे हा, कागद-पेन्सिलवर होतो.

आम्ही पोचलो पावणेचारला. मी आणि माझी मोठी बहीण. शेवटची उतरण सुट्या दगडांची होती, तिथे घाई करून चालत नाही, पाय जपूनच टाकावा लागतो. रिसेप्शनला उभ्या होतो तेव्हा बुटांवरचा चिखल ओला होता. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, तुमचे दोन्ही मसाज नो-शो झालेत, म्हणजे बुक करून तुम्ही आलाच नाहीत, चार्ज लागलेला आहे. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला समोर दिसलं ते तिने वाचलं. ज्याने ती वेळ टाकली त्याच्यावर आहे.

आणि मसाज त्याच दिवशी का हवा होता तेही सांगते, कारण तुमच्या फोनवरच्या माणसाला ते लाड वाटले. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार झेलतात, म्हणून खरं दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत चढतं. वॉकनंतर पाय मोकळे करून घ्यायचे, थोडं झोपायचं, दुसऱ्या दिवशी परत चालायला तयार व्हायचं, याच्यासाठीच तर माणूस नुसता ट्रेक किंवा नुसता स्पा न घेता दोन्ही एकत्र घेतो. ते एकत्र बांधायचं काम तुमचं होतं. वॉक आम्ही शोधू शकलो असतो, स्पासुद्धा शोधू शकलो असतो. दोन्ही एकमेकांना जुळवून देण्याचे पैसे तुम्ही घेतलेत आणि तेवढंच केलं नाहीत.

चौथ्या दिवशी तर कहर. सगळ्यात लांब वॉक, २१ किलोमीटर, आणि त्याच्या आधी सकाळी ८ वाजता फूट स्पा. पाय कोमट पाण्यात भिजवले, मग टाचेची कडक कातडी खरवडून खरवडून काढली, वर क्रीम. पॅकेजमध्ये छापलेलं म्हणजे कोणीतरी विचार करून छापलं असेल, असंच कुठलाही ग्राहक धरणार. अहो, ती कडक कातडी चालणाऱ्याच्या टाचेचं चिलखत असते. ती काढली, खालची मऊ कातडी भिजून आणखी हुळहुळी झाली, त्यावर क्रीम, त्यावर मोजे, त्यावर बूट, आणि मग २१ किलोमीटर. अर्ध्या वाटेत उजव्या टाचेला बोटाच्या पेरापेक्षा मोठा फोड आला, मोजा काढताना तो फुटला, आणि उरलेला सगळा रस्ता मी पाय तिरका टाकत चालले. संध्याकाळी थेरपिस्टने बघितलं आणि म्हणाली, फोड फुटलाय, या पायाला आता तेल लावता येणार नाही, गरम पाण्यातही उतरू नका. तिचं बरोबरच होतं. म्हणजे तिसऱ्या दिवसाचा मसाज तुमच्या वेळापत्रकाने घालवला आणि चौथ्या दिवसाचा तुमच्याच फूट स्पाने. हाच फूट स्पा शेवटच्या दिवशी ठेवला असता तर मी तुम्हाला थँक्यू लिहिलं असतं.

माझ्या बहिणीचं वेगळंच. तिला बीपीची गोळी चालू आहे. बुकिंगच्या फॉर्ममध्ये तुम्ही उशी मऊ हवी की टणक ते विचारलं, खोलीत सुगंध कुठला हवा ते विचारलं, बीपीचं, हार्टचं, गोळ्यांचं एका ओळीनेही विचारलं नाही. तो प्रश्न आला थेट गरम पाण्याच्या पूलच्या दारात, रोब घालून उभी असताना, क्लिपबोर्डवर. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी खाली येतं, त्यात दिवसभर चालून अंगातलं पाणी कमी झालेलं, वरून गोळी, अशा वेळी माणूस पाण्यातून उठताना चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून तिथल्या बाईंनी तिला नको म्हटलं, अगदी नीट, समजावून. त्यांचे मी आभार मानते, अख्ख्या पॅकेजमध्ये जबाबदारीने वागलेलं माणूस म्हणजे त्या बाई. पण हाच प्रश्न बुकिंगला विचारला असता तर ताईने आधी डॉक्टरांना विचारलं असतं, किंवा पूलऐवजी दुसरं काही घेतलं असतं. तिला रोब घालून सगळ्यांसमोर परत फिरावं लागलं आणि पूलचे पैसे बिलात तसेच.

आता आजचा फोन. तो सविस्तर लिहिणार आहे, कारण रेकॉर्डिंग होतं असं तुम्हीच सुरुवातीला सांगता, तर काढा आणि ऐका.

आधी बराच वेळ होल्ड, मागे झऱ्याचा आवाज आणि बासरी. मग एक जण आले. मी बुकिंग नंबर सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, नो-शो म्हणजे नो-शो, पॉलिसी आहे." मी म्हटलं, मी तर रिसेप्शनला उभी होते, नो-शो कशी? ते म्हणाले, "सिस्टीममध्ये तसं दिसतंय." मी म्हटलं, सिस्टीममध्ये वॉकची वेळ पण दिसत असेल ना, ती तुम्हीच दिलीय, साडेतीन तास, १७ किलोमीटर, ९०० मीटर चढ, जरा हिशेब करून बघा. त्यावर, "वॉकिंगचं डिपार्टमेंट वेगळं आहे मॅडम, आम्ही स्पा बघतो." मी म्हटलं, मग वॉकिंगवाल्यांना जोडून द्या. "ते कॉल घेत नाहीत." मी म्हटलं, बरं, मग तुम्हीच सांगा, ९.३० च्या आधी निघायचं नाही, वाटेत ९०० मीटर चढ, आणि २ ला स्पामध्ये हजर, हे कसं करायचं? थोडा वेळ शांतता. टायपिंगचा आवाज. मला वाटलं बघतायत. आणि मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा फास्ट चालायला हवं होतं."

फास्ट चालायला हवं होतं!

मी विचारलं, काय म्हणालात? त्यांनी तेच परत सांगितलं, वर "बाकीचे गेस्ट पोचतात" हेही जोडलं. मी विचारलं, कोण पोचतात, एक तरी बुकिंग दाखवा, नाव नका सांगू, नुसतं किती वाजता पोचले ते सांगा. त्याचं उत्तर नाही. मी म्हटलं, माझी बहीण साठीची आहे, बीपीची गोळी घेते, सुट्या दगडांवरून तिने धावत यायचं होतं का, पडली असती तर? त्यावर ते म्हणाले, आणि हे मी जसंच्या तसं लिहितेय, "मॅडम, तुम्ही वेलनेससाठी आला होतात ना, मग एवढं टेन्शन कशाला घेता, रिलॅक्स व्हा."

मी गप्प झाले. खरंच शब्द सुचेनात. ज्या कंपनीने मला रिलॅक्स करण्याचे पैसे घेतले, माझे दोन्ही स्लॉट घालवले, टाच फोडली, बहिणीला दारातून परत पाठवलं, ती मला फोनवर सांगते रिलॅक्स व्हा. मग भरपाई म्हणून ऑफर दिली, पुढच्या बुकिंगवर १५ मिनिटांचा हेड मसाज. दुखतायत पाय, आणि देताय डोक्याचा मसाज. तोही परत पैसे भरून येईन तेव्हा! मी नको म्हटलं तर, "ठीक आहे मॅडम, मी इश्यू क्लोज करतो," आणि फोन कट. क्लोज कोणी करायला सांगितला होता?

वाईट एवढ्याचंच वाटतं की कल्पना उत्तम आहे. चालणं आणि पाण्याचे उपचार एकत्र हे काही तुमच्या मार्केटिंगवाल्यांनी शोधलेलं नाही, तुमच्याच ब्रोशरच्या दुसऱ्या पानावर युरोपातल्या जुन्या स्पा गावांचे फोटो आहेत, बाथ, कार्लोव्ही व्हारी, बाडेन-बाडेन, अशी ११ गावं २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली असं अभिमानाने लिहिलंय. त्याच पानावर ओएर्टेल या जर्मन डॉक्टरांचंही नाव आहे. त्यांनी १८८० च्या दशकात हृदयाच्या पेशंटांसाठी चालण्याचे उपचार सुरू केले. पण ते करताना पहिलं काम काय केलं? वाटांचा चढ मोजला. कुठली वाट सपाट, कुठली थोडी चढाची, कुठली खडी हे ठरवलं, आणि माणसाच्या तब्येतीप्रमाणे वाट नेमून दिली. तुम्ही त्यांचं नाव छापलंत आणि चढ वगळलात. आधी तब्येत विचारायची ही पायरी तर सरळ दारातल्या क्लिपबोर्डवर ढकललीत. मी हे पॅकेज माझ्या ऑफिसमधल्या कितीतरी जणींना सांगितलं होतं, त्यातल्या दोघी पुढच्या सीझनला येणार होत्या. त्यांना मी आता सगळं सांगितलंय, रूट शीटच्या फोटोसकट.

तर मला काय हवंय. दोन्ही नो-शो चार्ज परत, दोन्ही मसाजचे आणि पूलचे पैसे परत, व्हाउचर नको, हेड मसाज तर नकोच. ज्या कार्डने पैसे भरले त्याच कार्डवर. पंधरा दिवसांत नाही आले तर बँकेकडे चार्ज डिस्प्यूट करणार आणि ग्राहक तक्रार दाखल करणार, रूट शीट, व्हॅनची पावती, रिसेप्शनवरच्या एंट्रीचा फोटो आणि फोडाचा फोटो सगळं जपून ठेवलंय. आणि पैसे दिलेत तरी शीट बदला. तिसऱ्या दिवसाच्या वॉकवर खरी वेळ छापा, थांब्यांसकट सहा तास तरी, स्लॉट संध्याकाळी ५ च्या पुढे घ्या किंवा व्हॅन ८ ला बोलवा. फूट स्पा शेवटच्या वॉकनंतर ठेवा. बीपी, हार्ट, गोळ्या, प्रेग्नन्सी हे बुकिंगच्या वेळी विचारा, पूलच्या दारात नाही. यातल्या कशालाही नवीन माणूस लागत नाही की नवीन मशीन, दोन डिपार्टमेंटनी एकदा एका टेबलावर बसलं तरी पुरे. परत सांगते, १७ किलोमीटर, ९०० मीटर चढ, साडेतीन तास होत नाहीत. हे आज ना उद्या कोणीतरी खरंच धावत गाठायला जाईल आणि त्या उतरणीवर पडेल, तेव्हा तुम्ही त्यालाही नो-शो लावाल का?

ज्यांनी फोनवर उत्तर दिलं त्यांची नोकरी घालवा असं मी म्हणत नाही, त्यांच्यासमोर जी स्क्रीन आहे त्यावर चढाचा आकडाच नसेल तर ते तरी काय सांगणार. पण "फास्ट चालायला हवं होतं" याची माफी मला मॅनेजमेंटकडून हवी आहे, माझ्यासाठी आणि ताईसाठी, वेगवेगळी.

बुकिंग नंबर ईमेलच्या विषयात टाकलाय. उत्तर लेखी द्या. मला फोन करू नका, आणि ताईला तर अजिबात नको.